नीलाबाईंची चौकशी

दर सोमवारी संध्याकाळी मठात बायका जमल्या की मी उभी राहते आणि घसा फोडून सांगते: पासष्ट पूर्ण झाली असतील, घरचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असेल, तर श्रावणबाळ योजनेचा पगार तुमच्या हक्काचा आहे. वय कमी असेल आणि विधवा असाल तर संजय गांधी निराधार योजना आहे. आधार, पासबुक, वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन या, आणि मधल्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. शाळेतून निवृत्त झाले तरी बाईंची शिकवायची खोड गेली नाही, असं गल्ली म्हणते. म्हणू दे. गल्लीला दुसरं काम काय?

नीलाबाई तिथंच खांबाला टेकून बसायच्या. सगळं ऐकायच्या, मान हलवायच्या आणि प्रसाद घेऊन घरी जायच्या. शेवटी मीच त्यांना हाताला धरून तहसीलला नेलं आणि अर्ज करायला लावला.

त्यांचं माहेर हिमायतनगरकडचं. लग्न होऊन इकडं उदगीरच्या बाजूला आल्या त्या इथल्याच झाल्या. माहेरी आता ओळख देणारं कुणी उरलेलं नाही. नवरा मलप्पा डाळमिलमध्ये हमाल होता. मूलबाळ झालं नाही. तो गेल्यावर त्याच मिलमध्ये बाई डाळ निवडायला बसल्या आणि म्हातारपणापर्यंत बसल्या. मग मिलमध्ये डाळ निवडायचं मशीन आलं, आणि त्याच सुमारास बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला; काम सुटलं. मिलमध्ये दिवसभर दहा बायकांची बडबड कानांवर असायची. घरी भिंतीशी माणूस किती बोलणार? संध्याकाळी त्या उंबऱ्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'जेवलास का रे' विचारत. लोक 'हाव, हाव' करत पुढं जात. मीही तशीच जायचे. माझा यज्ञेश नांदेडला रेल्वेच्या कचेरीत आहे, त्याचा रविवारी फोन येतो, तेवढ्यावर मी स्वतःला भरल्या घरातली समजते.

नीलाबाईंना असा फोनही नव्हता. होता तो शेजारचा श्रीशैल. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं त्याचं दुकान आहे. तो त्यांना 'अव्वा' म्हणायचा. कानडी मुलूख इथून हाकेच्या अंतरावर. आईच्या वयाच्या बाईला अव्वा म्हणणं आमच्याकडं रामराम घालण्याइतकंच सोपं. मोटारसायकलला किक मारता मारता तो ओरडायचा, 'अव्वा, काय लागलं तर सांगा.' उत्तर येईपर्यंत गडी चौकात पोचलेला असायचा. पण बाईंचा सगळा दिवस त्या एका हाकेवर निघायचा.

अर्ज केल्यावर तलाठी चौकशीला आले. अशा वेळी शेजाऱ्यांना विचारतातच. श्रीशैल दारात होता. या बाईंना सांभाळणारं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. नीलाबाई आत चुलीपाशी होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. श्रीशैल छाती काढून म्हणाला, "कुणी न्हाई कसं, साहेब? मी हाय की. अव्वा हाय माझी."

झालं. सांभाळणारा मुलगा आहे, त्याचं चालतं दुकान आहे, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या वर. अर्ज नामंजूर.

मी तडक दुकानात गेले आणि त्याला फैलावर घेतलं. तो वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "बाई, तुम्ही कामून चिडून राहिल्या? परक्या माणसापुढं म्हातारीला कुणी न्हाई म्हणायचं का? गल्लीची इज्जत हाय." त्याला चूक काय झाली ते खरंच कळत नव्हतं. इज्जत राखणं स्वस्त असतं, जेवायला घालणं महाग, हे मी त्याला सुनावलं. पुन्हा अर्ज करता येतो, फक्त तू येऊन खरं सांग, असंही म्हणाले. तो तयार झाला.

तयार नव्हत्या त्या नीलाबाई. पगार नाकारला गेल्याचं सांगितलं तर बाईंच्या चेहऱ्यावर हसू. मिलमधून सुटल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "त्यो म्हणला न्हवं, मी हाय म्हून? मंग ऱ्हाऊ द्या की," एवढंच त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी दोन भाकरी जास्तीच्या थापू लागल्या, शेंगांची चटणी कुटून वाट पाहू लागल्या. पहिले दोन दिवस श्रीशैल आला, जेवला, चटणीला वाहवा म्हणाला. मग दुकानात गर्दी वाढली. भाकरी कडक होऊन फडक्यात राहू लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भाकरी बाई पाण्यात भिजवून खाऊ लागल्या. दार मात्र दुपारभर उघडं.

श्रावण संपता संपता एका सोमवारी माझं लक्ष त्यांच्या गळ्याकडं गेलं. इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी नव्हती. लिंग पांढऱ्या कापडात बांधलेलं होतं. मलप्पानं लग्नात घातलेली डबी ती. अंघोळीलाही कधी उतरली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "शिवाला कापड चालतंय की, बाई." ज्वारी संपली होती. रेशनवर महिना निघत नव्हता. मला राग आला आणि रडूही आलं, आणि मी राग तेवढा दाखवला. उद्या तहसीलला चलायचं, नाही तर माझ्याशी बोलू नका, असं म्हणाले. ज्याच्याशी बोलायला एकच माणूस उरलंय त्याला अशी धमकी द्यायची नसते. पण त्यामुळं त्या आल्या.

श्रीशैलही आला, दुकान बंद ठेवून. धुतलेला शर्ट घालून आला होता. वाटेत त्यानं नीलाबाईंना रिक्षात नीट बसवलं, चप्पल हातात दिली. टेबलामागचे नायब तहसीलदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधीचा शेरा वाचला आणि शांतपणे विचारलं, "या तुमच्या कोण?"

श्रीशैलनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. बाहेर मोठ्या आवाजात गल्लीची इज्जत राखणारा हा माणूस, आता खाली फरशीकडं बघत उभा. घरून निघताना मी त्याच्याकडून वाक्य घोकून घेतलं होतं. मी त्याच्याकडं डोळे वटारले, तरी नजर वर आली नाही.

नीलाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मोतीबिंदूतून किती दिसलं कोण जाणे. मग पदर सारखा करून साहेबांना म्हणाल्या, "शेजारी हायत, साहेब. लई चांगले हायत. पोरगं न्हाई मला. कुणीच न्हाई."

साहेबांनी लिहून घेतलं.

तालुका समितीच्या पुढच्या बैठकीत अर्ज मंजूर झाला. आता महिन्याचे दीड हजार खात्यावर येतात, कधी उशिरा, पण येतात. घरात ज्वारी आहे. मी जे केलं ते बरोबर केलं, उद्या कुणी विचारलं तर हेच सांगेन. सोमवारच्या माझ्या भाषणात एक वाक्य वाढलंय: चौकशीला माणूस आला की शेजाऱ्यांनी मोठेपणा करू नये, खरं तेवढंच सांगावं. ते वाक्य म्हणताना मी खांबाकडं बघत नाही.

श्रीशैल आताही किक मारतो. 'निघालो' म्हणतो, मान खाली घालून. अव्वा म्हणायला त्याची जीभ रेटत नाही, आणि नीलाबाईही त्याला हाक मारत नाहीत. उंबऱ्यावर बसणं त्यांनी सोडलंय, म्हणून मीच जाते.

परवा गेले तेव्हा त्या एकच भाकरी थापत होत्या. तव्याकडं बघत त्यांनी विचारलं, "बाई, कुणी न्हाई म्हून दर सालाला जाऊन सांगावं लागतं का?"

मी म्हणाले, नाही. दरवर्षी फक्त हयातीचा दाखला द्यायचा.

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही जिवंत आहात, एवढंच."

त्यांनी भाकरी उलटली.

"तेवढं सांगायला जमंल," त्या म्हणाल्या.