बिनहळदीचं वरण

माझी धाकटी जाऊ कानडी बोलायला लागली की माझ्या कपाळावर आठी पडते. आता मलाही बऱ्यापैकी कानडी येतं, तरी पडतेच.

माझं माहेर उदगीरकडचं. बारावीपर्यंत मराठीत शिकले आणि लग्न होऊन कर्नाटकात, हुलसूरजवळच्या या गावात आले. घरात मराठी, गल्लीत मराठी, दुकानात दखनी. कानडीवाचून माझं काही अडलं नाही. बसच्या पाट्या वाचून अक्षरं ओळखीची झाली, तेवढंच. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघायची असो की मोबाईलवर आलेला मेसेज वाचायचा असो, गल्लीतल्या बायका माझ्याकडे यायच्या. "थोरलीला इचारा, ती शिकलेली हाय," असं सासूबाई म्हणायच्या. हे वाक्य ऐकायला मी हातातलं काम थांबवायची.

मग धाकटी आली, जनवाड्याची. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. अंबाडीला पुंडी म्हणायची आणि कुणाशीही दोन मिनिटांत सोयरीक असल्यासारखी बोलायची. सुरुवातीला मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू.

बिनसलं ते आरोग्य खात्याची गाडी गावात यायला लागल्यावर. चांगलं खा, स्वच्छ खा, असं सांगणारा तो कार्यक्रम होता. दर पंधरा दिवसांनी गाडी यायची, समाजमंदिरात चित्रांचे तक्ते लागायचे आणि एक मॅडम माईकवर बोलायच्या. मॅडम म्हैसूरकडच्या. हिंदी त्यांना येत नव्हतं आणि त्यांचं कानडी पुस्तकी, भरभर. बाजारापुरतं कानडी येणाऱ्या आमच्या बायका नुसत्या माना हलवत होत्या. कुणी समजावून सांगेल का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सावरून उठले. मी तोंड उघडायच्या आत मागून धाकटीनं सगळं मराठीत सांगून टाकलं. मीठ कमी घाला, भाजी चिरायच्या आधी धुवा, एकदा तळलेलं तेल परत परत वापरू नका. वर मिठावरून सासवांची थट्टाही केली. बायका हसून लोळल्या. मॅडमनी माईक तिच्या हातात दिला.

मी उभीच होते. आता उठलेच आहे तर काहीतरी करावं म्हणून भिंतीकडे गेले, खिडकी लावली आणि येऊन बसले.

त्या संध्याकाळी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "थोरली शिकलेली हाय, पर धाकलीला बोलाया येतंय बघ." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहा वर्षं जिनं मला "थोरलीला इचारा" म्हणून मिरवलं, तिला एका माईकनं फिरवलं.

पुढं कळलं की आजूबाजूच्या गावांत गाडीबरोबर जायला आमच्या गावातली एक बाई निवडणार आहेत. गळ्यात ओळखपत्र, हातात माईक. मी नवऱ्याकडे कधी दागिना मागितला नाही, पण त्या माईकसाठी माझा जीव तुटत होता. आणि सगळं गाव धरून चाललं होतं की धाकटीच जाणार. मी तोंडावर "बरं झालं ग" म्हणायची आणि आत जळत राहायची. तिची भाकरी करपली की मला बरं वाटायचं. इतकी मी खाली आले होते.

अशात धाकटी आठवडाभर माहेरी गेली आणि नेमका तेव्हाच मॅडमनी आमच्या घरी एक कागद पाठवला. त्यावर कानडीत दहा गोष्टी होत्या. पुढच्या खेपेपर्यंत त्या गल्लीतल्या बायकांना सांगायच्या होत्या. धाकटीला फोन लावला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. मी लावला नाही. तिच्यावाचून गाव अडत नाही, हे मला दाखवायचं होतं.

नऊ गोष्टी मी चित्रांवरून जुळवल्या. दहावीला चित्र नव्हतं. "हळसिद आहार तिन्नबेडि." आहार कळला. तिन्नबेडि म्हणजे खाऊ नका, हेही माहीत होतं. राहिलं हळसिद. हळद दिसतच होती की त्यात! मागच्या खेपेला दुकानातल्या हळदीत रंग मिसळतात असं काहीतरी मॅडम बोलल्याही होत्या. मी बायकांना बसवलं आणि ठणकावून सांगितलं, हळद घातलेलं खायचं नाही.

एकीनं विचारलं, "अक्का, मंग आमच्या पोराच्या लग्नात हळद कशी करायची?"

"लावायची चालती, खायची न्हाई," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गल्लीत वरण पांढरं झालं. सासूबाई ताटाकडे बघून म्हणाल्या, "हे काय, आजाऱ्याचं जेवण करायलीस व्हय?" पण जेवल्या. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू! माझ्या एका शब्दानं इतक्या घरांतल्या वरणाचा रंग बदलला होता. धाकटीला हे कधी जमलं होतं?

गाडी आली त्याच्या आदल्या दिवशी धाकटी परतली. त्या खेपेला बायकांनी घरून डबे आणायचे होते आणि मॅडम ते बघणार होत्या. मॅडमनी एक डबा उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. "अरिशिण हाकिल्वा?" त्या म्हणाल्या. हळद घातली नाही का? बायका म्हणाल्या, तुमीच तर बंद करायला सांगितलाव. मॅडमनी कागद मागितला.

कागद माझ्याकडे होता. तो मी त्यांच्या हातात दिला. मॅडमच्या खांद्यावरून धाकटीनं तो वाचला. वाचता वाचता ती थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं, आणि तिला कळलं हे मलाही कळलं. हळसिद म्हणजे शिळं, आंबलेलं. कानडीत हळदीला अरिशिण म्हणतात, हे मी वर्षानुवर्षं बाजारात ऐकलं होतं आणि त्या दिवशी मला ते आठवलं नव्हतं.

"हे कुणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मी खाली बघत होते. मी कुणाला न विचारताच अर्थ लावला, हे आता ही सांगणार आणि उद्या गावभर होणार. तिच्या जागी मी असते तर सांगितलंच असतं.

धाकटी आधी कानडीत बोलली, मग बायकांसाठी मराठीत. "चूक माजी हाय. अक्कानं मला फोन करून इचारलं होतं. लाईन नीट नव्हती, मला हळद ऐकू आलं. मीच चुकीचं सांगितले."

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. आरोग्याच्या बाबतीत असा निष्काळजीपणा चालत नाही, असं त्यांनी धाकटीला सगळ्यांसमोर सुनावलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. यांना येत नव्हतं, पण यांनी निदान विचारलं तरी, असं म्हणून त्यांनी गाडीसाठी माझं नाव लिहून घेतलं. जे मी केलं नव्हतं नेमक्या त्याचसाठी मला माईक मिळाला. मी गप्प बसून तो घेतला.

घरी आल्यावर धाकटी भाजी निवडत होती, तिथं मी तिला गाठलं.

"कामून असं केलीस ग?"

"त्यो माईक तुमाला लई पायजे होता, अक्का," ती अंबाडीचे देठ तोडत म्हणाली. "पयल्या दिवशी तुमी उठून उगंच खिडकी लावलाव, तवाच कळलं मला. मला काय, मी कुठंबी बोलतेय."

म्हणजे इतके महिने मी जे लपवत होते, ते तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्यापेक्षा तिनं मला गावासमोर तोंडघशी पाडलं असतं तर सोपं गेलं असतं.

आता मी गाडीबरोबर गावोगाव जाते. कानडी शिकले, नेटानं शिकले. शिळ्या अन्नाचा मुद्दा आला की हळसिद हा शब्द मी सगळ्यात स्वच्छ म्हणते. तिचं कानडी मला मिळवता आलं. माईक नको असणं मात्र मला अजून जमलेलं नाही.

सकाळी मी ओळखपत्र गळ्यात घालून निघते तेव्हा ती फोडणी देत असते. स्वयंपाकघरातून ओरडते, "अक्का, हळद घालू का नगं?" सासूबाई खो खो हसतात. त्यांना वाटतं, धाकटी स्वतःचीच चेष्टा करतेय. मी "घाल" म्हणते आणि चपला शोधायच्या निमित्तानं दारात रेंगाळते. तिच्या आवाजात कुठं टोमणा सापडतो का, ते कान देऊन ऐकते. अजून एकदाही सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.