ग्रीसचं देऊळ, मुक्काम आयर्लंड

मी विमानात बसण्याआधीच माझी बढाई अख्ख्या हास्यक्लबात फिरून आली होती. "लेकीकडे आयर्लंडला चालले आहे. जाता जाता ग्रीसचं एखादं पुरातन देऊळ पाहून येईन," असं मी सांगून बसले होते. जाता जाता! जणू पर्वतीवरून उतरताना सारसबाग. क्लबातल्या कुमुदताईने तर परतल्यावरचं माझं भाषणही ठरवून टाकलं.

माझी लेक मृणाल तिथे सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे, डब्लिनच्या दक्षिणेला चेरीवूडला राहते. पहिल्याच सकाळी, प्रेसमधून (तिथे कपाटाला प्रेस म्हणतात) चहाचा डबा काढता काढता तिने माझं विमान जमिनीवर आणलं.

"आई, आयर्लंडच्या व्हिसावर ग्रीसला सोडत नाहीत गं. तिकडचा वेगळा काढावा लागतो. आधी विचारायचंस ना!"

"आता कुमुदला काय तोंड दाखवू?"

"तोंड कशाला, फोटो दाखव," म्हणून ती हसली. तासाभराच्या अंतरावर एका टेकडीवर तिला एक ग्रीक धाटणीचं देऊळ ठाऊक होतं. कुणा जमीनदाराने बांधून घेतलेलं, आता पडकं.

रविवारी निघालो. पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत उभा होता. पाठीवर निळा रंग फासलेल्या मेंढ्या, दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. त्यातल्या एका झुडपाने माझी ओढणी धरली ती सोडेचना. शेवटी काट्याला एक चिंधी अर्पण करून वर चढले.

आणि देऊळ दिसलं. काही खांब उभे, काही गवतात आडवे, डोक्यावर छपराऐवजी राखाडी आभाळ. ऊन औषधालाही नव्हतं, तरी मी गॉगल चढवला, खांबाला टेकून ऐटीत उभी राहिले. मृणालने काढलेला फोटो तिथूनच मैत्रिणींना धाडला: 'प्राचीन ग्रीक मंदिराच्या अवशेषांत.' अंगठे नि हार्टं बदाबदा पडली. कुमुदताईने तेवढं विचारलं, "देव कोणता गं तिथला?"

"शोधतेय," मी लिहिलं.

एका आडव्या खांबावर एक म्हातारी थर्मासमधला चहा पीत बसली होती. नाव नोरा. भुरभुर चालू असताना "ग्रँड डे" (म्हणजे झकास दिवस) म्हणाली. तिच्या कुत्र्याला आमच्या थालिपिठाचा वास लागला, त्यामुळे ओळख आपोआपच झाली. तिचे उच्चार माझ्या कानात शिरेनात, म्हणून मृणाल मध्ये दुभाषी.

मी देवाचं विचारलं.

"देव? इथे कधी मेणबत्तीसुद्धा लागली नाही," नोरा म्हणाली. "पावणेदोनशे वर्षांपूर्वी शेतातला सगळा बटाटा नासला, माणसं उपाशी मरत होती. तर युअर मॅन (म्हणजे हा देऊळवाला जमीनदार) म्हणाला, फुकट दिलं की लोक आळशी होतात. दगड वाहा, मग खा. माझ्या आजीच्या आजीने हे दगड वर आणले. बदल्यात मूठभर पिवळा मका. अमेरिकेचा. तो पचायचाही नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सांग गं त्यांना, आम्हाला लाल मिलो ज्वारी मिळायची. तीही अमेरिकेचीच."

मृणालने अर्धं वाक्य सांगितलं आणि ती थांबली. "आम्हाला म्हणजे कुणाला?"

"मला. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली आहे."

"तू तर सांगायचीस, मॅट्रिकनंतर मामाकडे होतीस!"

"खडीच्या ढिगाला मामा म्हणायचे मी."

आता त्या मॅट्रिक झालेल्या महाराणीचा थाट ऐका. हजेरी घेणाऱ्या मुकादमाच्या कानावर पेन्सिल असे, म्हणून बाईसाहेबांनीही एक पेन्सिल कानावर खोचली. रस्त्यावरून एसटी गेली की हातोडा मागे लपवून ताठ उभी राहायची. खिडकीतल्या लोकांना वाटावं, ही मजूर नाही, लिहिणारी आहे. फुफाट्याने केस पांढरे, बोटांना चिंध्या, आणि कानावर पेन्सिल! शेजारच्या बाया हसून लोळायच्या.

मृणालने ते सगळं नोराला सांगितलं. नोरा हसली, मग थर्मासच्या झाकणात मला चहा देत म्हणाली, "आमच्या घरातही कुणी बोलत नसे. जणू बटाटा आम्हीच नासवला."

मी गॉगल काढला. कानावरची पेन्सिलच ती, इतक्या वर्षांनी डोळ्यांवर आलेली. ज्या खांबाला टेकून मी मिरवले तो कुणाच्या तरी उपाशी पाठीवरून वर आला होता, आणि हे मला, मला कळू नये? फोटो काढून टाकायला गेले, तर सगळ्यांनी पाहून झालेला.

परतताना मृणालने सिग्नलला माझा अंगठा उलटसुलट करून पाहिला. "हा व्रण भाजल्याचा म्हणायचीस."

"हातोड्याचा आहे," मी म्हटलं.

पुण्यात बागेत माझं भाषण झालं. ग्रीस नव्हतं, हे सांगितलं. नोरा, मका, मिलो, पेन्सिल, सगळं सांगितलं. मान वर करवत नव्हती. रोज हुकमी हसणाऱ्या बायका, पण कुणी हसेना.

मग कुमुदताई, कायम इस्त्रीची साडी नेसणारी, हळूच म्हणाली, "लाल मिलोची भाकरी थापताना फुटायची गं. आमची आई तुकडे जोडता जोडता रडायची."

तिच्या कानावर कुठली पेन्सिल होती, ते मी विचारलं नाही.