फळ्यावरचे पंच्याण्णव

आमच्या गल्लीचं तोंड इतकं अरुंद, की लंडनच्या बर्मन्सीत जन्मलेला टपालवालासुद्धा दोनदा पुढे निघून जातो. गल्लीच्या टोकाला आमचा पब, 'लंगडा मोर'. पाटी रंगवणाऱ्याने मोराचा एक पाय रंगवून बिअर मागितली, ती इतकी आवडली की दुसरा पाय अर्धाच राहिला, असं मी नवख्यांना सांगते. खरंखोटं देव जाणे. माझ्या तोंडून निघालेल्या निम्म्या गोष्टींचं तेच आहे.

सिरिल टॅप्सेल माझा भिंतीपलीकडचा शेजारी. एकतीस वर्षं बसचा कंडक्टर, मग निवृत्त, मग वर्षभरात विधुर. भिंत इतकी पातळ, की त्याची किटली वाजली तर मी माझा गॅस बंद करायला उठते. आठवडाभर तो एकाच स्वेटरात दिसायचा. रविवारी दुपारी मात्र टाय बांधायचा, कारण 'मोरा'त त्याच्या हाती खडू असायचा.

बाणांच्या खेळात, म्हणजे डार्ट्समध्ये, खडूवाला म्हणजे न्यायाधीश. चकतीशेजारी फळा असतो. पाचशे एकपासून निघायचं, दर खेपेला तीन बाण मारायचे, गुण वजा करत करत नेमकं शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण दुपटीच्या बारीक पट्टीत किंवा अगदी मधल्या ठिपक्यात बसला पाहिजे. खडूवाल्याने फळ्याकडे तोंड करून पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि हिशेब डोक्यात करायचा. आणि एकदा बाण उपटले, की फळ्यावर लिहिलेलं तेच खरं. मग राणी आली तरी ते पुसू शकत नाही.

मी आमच्या संघात खेळते. बाण उपटायला गेले, की सिरिलच्या कानाशी दहा वाढवून सांगायचं, ही माझी वीस वर्षांची खोड. तो मान न हलवता बरोबर आकडा लिहायचा आणि पुटपुटायचा, "हे वाढीव दहा तुझ्या वयातून कापलेले दिसतात, जेनिस."

त्या हिवाळ्यात त्याचा खडू रेंगाळायला लागला. मला आयतं कुरण मिळालं. कंडक्टर, बस सुटली, घंटी मारा, असलं काहीबाही मी भर पबात ओरडायची आणि लोक हसायचे. मालकीण ग्लेनिस तेवढी हसायची नाही. तिची दाढ दुखत असेल, असं मी धरून चालले. आणखी एक दिसत होतं. हल्ली सगळेच बाण उपटताना सिरिलच्या कानाशी लागायचे. माझी खोड सगळ्यांनी उचलली म्हणून मी मनातल्या मनात फुशारले.

मार्चमधल्या एका रविवारी नदीकाठच्या 'नांगर' पबवाले सामना खेळायला आले. काउंटरवर नेहमीप्रमाणे भाजलेल्या बटाट्यांचं ताट, शेजारी मीठ, ज्याला हवा त्याने उचलावा. नक्षीच्या काचेतून उजेड आत आला होता आणि ग्लेनिसचा कुत्रा नेमका त्या उजेडात, सगळ्यांच्या पायांत, पसरला होता. सामना बरोबरीत आला आणि शेवटचा डाव माझ्या गळ्यात पडला.

माझे एकशे पस्तीस उरले होते. तीन बाणांत पंच्याऐंशी आले. म्हणजे पन्नास राहिले, आणि एका बाणात संपवायचे तर मधला ठिपका. तो मला दहा वर्षांत चारदा लागलाय. बाण काढायला गेले आणि सवयीने सिरिलच्या कानात म्हटलं, "पंच्याण्णव."

तो काहीच पुटपुटला नाही. त्याने पंच्याण्णव लिहिले आणि खाली चाळीस मांडले. चाळीस म्हणजे विसाची दुप्पट, माझी हातखंडा पट्टी. माझा हात तोवर बाण उपटून मोकळा झाला होता.

चकतीत काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, मी काय बोलले ते कुणीच ऐकलं नव्हतं. 'नांगर'वाल्यांच्या म्होरक्याने फळ्याकडे पाहिलं, सिरिलच्या पाठीकडे पाहिलं. लिहिलं ते खरं, एवढंच म्हणून त्याने आपले बाण मारले आणि ते चुकले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझं तोंड, जे झोपेतही बंद नसतं असं माझा नवरा सांगतो, ते तेवढं मिटलेलं राहिलं. मी विसाची दुप्पट मारली. आम्ही जिंकलो. कुणी टाळी वाजवली नाही.

सिरिलने वळून सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग फळा पाहिला. खडू बटाट्यांच्या ताटाशेजारी ठेवला, बोटं रुमालाला पुसली आणि टोपी घालून निघून गेला. बक्षीस होतं व्हिनेगरातल्या अंड्यांची बरणी. ती माझ्या हातात आली.

पुढचे दोन रविवार त्याने टाय बांधला नाही. भिंतीतून आवाज यायचा. एकशे पस्तीस वजा पंच्याऐंशी. मग थांबायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. मी रेडिओ मोठा करायची.

तिसऱ्या आठवड्यात न उघडलेली बरणी घेऊन त्याच्या दारात गेले आणि सगळं ओकून टाकलं. चूक तुझी नव्हती, म्हातारबा, मी खोटं सांगितलं, असं म्हटलं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "मी मोजलंच नव्हतं, पोरी. नाताळापासून आकडे डोक्यात ठरतच नाहीत. बाण काढता काढता सगळे हळूच सांगतात, मी फळ्यावर मांडून वजा करतो. ग्लेनिसने सांगून ठेवलं होतं सगळ्यांना."

"मग मला कसं नाही सांगितलं तिने?"

"तुला सांगितलं तर अख्ख्या गल्लीला कळेल म्हणाली." मग बरणीकडे बघत म्हणाला, "तू पुन्हा थट्टेवर आलीस हे मला ओळखायला हवं होतं. एरवी तू सांगितलेल्यातले दहा मी कापूनच लिहायचो. पण सामना होता. मला वाटलं, सामन्यात खरं सांगशील."

बरणी त्याच्या पायरीवर ठेवली आणि घरी आले.

त्या रविवारी भर पबात सगळ्यांसमोर सांगितलं. सामना 'नांगर'वाल्यांना देऊन टाकला. कुणी मला शिवी दिली नाही, ग्लेनिसने फक्त माझा ग्लास पुसता पुसता जरा जास्त वेळ पुसला. मग खडू माझ्यापुढे सरकवला. हरलेल्याने खडू धरायचा, हा जुना रिवाज.

आता मी फळ्याकडे तोंड करून पुतळ्यासारखी उभी राहते आणि सिरिल टाय बांधून माझ्या पाठीमागच्या स्टुलावर बसतो. माझं गणित शाळेपासून कच्चं. मी अडखळले, की शेजारी कुणीतरी त्याच्या कानात सांगतं आणि तो आकडा मला पुटपुटतो. त्याने एकदा तरी दहा वाढवून सांगावं, म्हणजे फिट्टंफाट होईल, अशी मी दर रविवारी वाट बघते.

तो अजून खराच सांगतो.