बुरुल एजेंची चौदा जॅकेटं

बुरुल एजे आणि मी सव्वीस वर्षं समोरासमोर धंदा केला. त्यांचा कंटेनर, म्हणजे लोखंडी पेटाऱ्यातलं दुकान, बिश्केकच्या बाजारात फौजी गल्लीच्या डाव्या हाताला, माझं बूट दुरुस्तीचं खोकं उजव्या हाताला. मधे जागा इतकीच की एक हातगाडी आली तर दुसरीनं थांबायचं. त्यामुळे त्यांच्या दुकानात कोण काय बोललं ते मला ऐकू यायचं आणि माझी हातोडी त्यांना. त्या सप्टेंबरमध्ये काय घडलं ते मी म्हणूनच सांगू शकतो. त्यात माझाही वाटा आहे, तोही सांगेन.

एजे म्हणजे ताई. त्यांच्याहून लहान सगळेच त्यांना एजे म्हणायचे, आणि गल्लीत त्यांच्याहून मोठं कुणी उरलंच नव्हतं. सोव्हिएत काळात त्या बिश्केकबाहेरच्या लष्करी गोदामात भांडारपाल होत्या. देश मोडला तेव्हा पगार बंद झाला. सहा महिन्यांनी साहेबांनी बोलावून सांगितलं की पैसे नाहीत, पगाराच्या बदल्यात ओव्हरकोट न्या. एजेंनी चाळीस ओव्हरकोट हातगाडीवर लादून घरी आणले. नवरा म्हणाला, आता फौज आपल्या स्वयंपाकघरात राहायला आली. त्या हिवाळ्यात शहरातल्या निम्म्या घरांत ऊब नव्हती. बाजाराच्या भिंतीला लागून त्या बसल्या आणि पंधरा दिवसांत एक कोट उरला, तो नवऱ्याच्या अंगावर होता.

तिथून दुकान सुरू झालं. मेंढपाळ नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे बूट न्यायचे, डोंगरात खनिजं शोधणारे तंबू न्यायचे. मग अमेरिकन लोक विमानतळाजवळ तळ ठोकून बसले आणि गल्लीचं नशीब उघडलं. वाळूच्या रंगाचे बूट, बर्फातही घाम फुटेल अशा झोपायच्या पिशव्या, तपकिरी पाकिटांतलं तयार जेवण. परदेशी प्रवासी लाल ताऱ्याच्या केसाळ टोप्या दोन-दोन घ्यायचे. एजेंनी त्या वर्षांत मुलीचं लग्न केलं, घराचं छप्पर बदललं. पुढे तळ उठला आणि माल आटला. नकली चिनी कपडे आले. गल्लीत चाळीस दुकानं होती, त्यांतली अकरा राहिली. गिऱ्हाईक म्हणजे मासे धरणारे, आणि सुट्टीच्या दिवशी प्लास्टिकच्या गोळ्यांनी लढाई लढाई खेळणारी तरुण मंडळी.

या खेळणाऱ्यांसाठी एजेंनी एका ठोक व्यापाऱ्याकडून बुलेटप्रूफ दिसणारी जॅकेटं घेतली होती. आत पुढे-मागे एकेक पत्रा. नखानं वाजवला की पातेल्याच्या झाकणासारखा वाजायचा. खरा पत्रा कसा असतो हे पंधरा वर्षं गोदामात काढलेल्या बाईला कुणी शिकवायला नको होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, "खेळायला ठीक आहे. गोळी सोड, कुणी दगड मारला तरी जपून." मी त्या जॅकेटांचे पट्टे शिवून द्यायचो, म्हणून मलाही ठाऊक होतं.

मग देशाच्या दक्षिणेत, बातकेनच्या सीमेवर, शेजारी देशाशी लढाई पेटली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शहर अंगात आल्यासारखं वागत होतं. चौकाचौकांत पीठ, औषधं, गोधड्या गोळा होत होत्या. आमच्या गल्लीत इतकी माणसं मी बारा वर्षांत पाहिली नव्हती. दुकानदारांनी हात सैल सोडले होते. एजेंनी बूट आणि झोपायच्या पिशव्या फुकट द्यायला सुरुवात केली. लोक फोनवर त्यांचं चित्रण करत होते. कुणीतरी म्हणालं, ही आपल्या लढवय्यांची आई आहे. एजेंचा चेहरा लाल झाला होता. बऱ्याच वर्षांत त्यांच्या दुकानाची कुणाला गरज पडली नव्हती.

त्यात तालाय आला. तिशीचा, टॅक्सी चालवणारा, आजोळ सीमेलगतच्या गावात. बाहेर रस्त्यावर त्यांचा निळा ट्रक आणि एक मिनीबस उभी होती, बरोबर तेरा जण, त्यांत त्याचा धाकटा भाऊ बाकित. त्याची नजर वरच्या फळीवर गेली. त्यानं चौदा जॅकेटं मागितली. एजेंनी शिडीवर चढून ती काढून दिली, घेतली त्याच भावात. तालायनं एक तिथंच अंगात चढवलं आणि विचारलं, "एजे, गोळी अडते ना यानं?"

माझी हातोडी हातात तशीच राहिली.

एजे त्याच्या खांद्यावरचा पट्टा ओढत होत्या. म्हणाल्या, "इथं घट्ट कर, बाळा. सांभाळून जा."

बस्स. खोटं बोलल्या नाहीत, आणि खरंही. गर्दी जराशी सरली की बाजूला घेऊन सांगू, असं मनात होतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. गर्दी सरलीच नाही. ट्रक अकराला निघाला. मी एका बुटाच्या टाचेला चार खिळे ठोकले, जिथं दोन पुरले असते.

साडेबारा वाजता त्यांनी कंटेनरचं दार अर्धं ओढलं आणि गल्ली ओलांडून माझ्यापाशी आल्या.

"एसेन, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग बोलला का नाहीस?"

"दुकान तुमचं आहे, एजे."

हे मी बोलायला नको होतं. खाली बघून त्या म्हणाल्या, "गाडी काढ."

तालायचा नंबर सामानाच्या यादीवर होता. मी बाजारातून बाहेर पडेपर्यंत चारदा लावला, लागला नाही. चौकातल्या मंडळींना विचारलं, तर त्यांच्याकडून सकाळपासून नऊ ट्रक गेले होते, कुठला कुठं पोचला त्यांना माहीत नव्हतं. माझी होंडा फिट जुनी, गावात फिरायला बरी. दक्षिणेला जायचा रस्ता घाटातून, आणि तिथं ती कुठवर साथ देईल याची मला खात्री नव्हती. एजे पुढे बसल्या, मांडीवर फोन. कारा-बाल्ता गाव येईपर्यंत त्या नंबर लावत राहिल्या.

घाटाच्या पायथ्याशी नाका होता. मदतीच्या गाड्यांची रांग, आणि लहान गाड्यांना परत पाठवत होते. शिपायानं विचारलं, कुठं निघालात? मी काहीतरी थाप मारणार होतो. एजे म्हणाल्या, "पुढे गेलेल्या निळ्या ट्रकातल्या पोरांना मी चुकीचा माल दिलाय. तो घालून ती मरतील." शिपायानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. निळा ट्रक आणि मागे पांढरी मिनीबस पाऊण तासापूर्वी गेली, असं सांगून त्यानं दांडा उचलला.

वळणं सुरू झाली तसा गाडीचा काटा तापायला लागला. अकराव्या की बाराव्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली आणि मला थांबावं लागलं. पंधरा मिनिटं तरी लागतील, म्हटलं. एजेंनी दार उघडलं आणि चढावर चालायला लागल्या. सहासष्ट वर्षांचं वय, गुडघे गेलेले. मी हाका मारल्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. पायी चालून त्यांना ट्रक गाठता येणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पाणी ओतून गाडी सुरू केली आणि दोन वळणं वर त्या दिसल्या, कठड्याला हात लावत चाललेल्या, ओठ निळे पडलेले. मी दार उघडलं, त्या आत बसल्या.

घाटमाथ्यावरच्या बोगद्यात धूर इतका की पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनात. पलीकडे सुसामिरचं खोरं, गवत पिवळं पडलेलं, रस्त्याकडेला मेंढपाळांचा एकच यर्ट, नमद्याचा गोल तंबू, उरलेला. बाकीचे मेंढपाळ खाली उतरले होते. त्या यर्टपुढे निळा ट्रक आणि मिनीबस उभी होती.

सगळे कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, पीत होते. कुणीकुणी जॅकेटं घातली होती आणि डोंगराकडे पाठ करून फोटो काढत होते. तालायनं एजेंना ओळखलं, हसत पुढे आला. विचारलं, काही विसरलं का, पैसे कमी पडले का?

एजे म्हणाल्या, "जॅकेटं काढा, बाळांनो. आतले पत्रे खेळण्यातले आहेत. गोळी अडणार नाही."

कुणाला आधी समजलंच नाही. ठोक व्यापाऱ्यानं फसवलं का, तुम्हाला आता कळलं का, असं तालाय विचारत होता. एजेंना सुटायला ती वाट होती. मी तर मनात म्हणत होतो, हो म्हणा.

"मला सकाळीच माहीत होतं," त्या म्हणाल्या.

त्यांच्यात ओमुराली नावाचा एक वयस्कर शिकारी होता. त्यानं एका जॅकेटातला पत्रा काढला, शंभर पावलांवर दगडाला टेकवून ठेवला, बसमधून आपली बंदूक आणली आणि झाडली. आवाज डोंगरावर आपटून परत आला. बाकित पळत जाऊन पत्रा घेऊन आला. भोकातून अंगठा जात होता.

तालायनं तो पत्रा हातात घेतला, उलटा-सुलटा केला. मग एजेंपुढे धरला. आवाज अगदी हळू होता. "धरा, एजे. छातीला लावा आणि तिथं जाऊन उभ्या राहा. बाकितला असंच उभं करणार होतात ना?"

एजेंनी पत्रा घेतला. चालत त्या दगडापाशी गेल्या, आमच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी पत्रा छातीशी धरून उभ्या राहिल्या. वाऱ्यानं रुमालाचं टोक त्यांच्या तोंडावर येत होतं, ते त्यांनी बाजूला केलं नाही. ओमुरालीनं बंदुकीतली उरलेली गोळी काढून खिशात टाकली, तो आवाज मला अजून आठवतो. तालाय खाली गवतावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

तेव्हा मी म्हणालो की मलाही माहीत होतं. कशासाठी म्हणालो, नक्की सांगता येत नाही. त्या एकट्याच उभ्या होत्या म्हणून असेल. बाकितनं माझ्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. त्यानं परत हात उचलला नाही.

पत्रे काढून रस्त्याकडेला ढीग केला. रिकामी जॅकेटं त्यांनी ट्रकमध्ये टाकली, खिसे उपयोगी पडतील म्हणून. मला वाटलं होतं, ते परत फिरतील. एकही फिरला नाही. जाताना कुणी निरोप घेतला नाही. यर्टवाल्या बाईनं आम्हाला कुमिस विचारलं नाही. आम्ही पत्रे गाडीत भरले आणि घाट उतरलो.

ते लोक बातकेनला पोचले तोवर गोळीबार थांबत आला होता. त्यांनी पीठ वाटलं, जळालेली घरं उपसली, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेलं. तीन आठवड्यांनी चौदाही जण परत आले. पण हे पुढचं. त्या तीन आठवड्यांत एजे रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मला विचारायच्या, काही कळलं का? मी म्हणायचो, नाही.

यर्टपाशी कुणीतरी चित्रण केलं होतं. रविवारपर्यंत ते सगळ्या शहरानं पाहिलं. लोक कंटेनरवर थुंकून जायचे. गल्लीतले दुकानदार एकत्र येऊन म्हणाले, एजे, थोडे दिवस बंद ठेवा, तुमच्यामुळे आमच्याही मालावर संशय येतो. एजेंनी दुकान उघडंच ठेवलं. त्यांच्यातल्या तिघांकडे तेच पत्रे होते, ते त्यांनी गुपचूप आत नेले.

आणि आठवडा उलटायच्या आत गल्लीचं नशीब पुन्हा फिरलं. उत्तरेकडे रशियात युद्धासाठी माणसं सैन्यात बोलावली जाऊ लागली आणि तिथून खरेदीदार आले. बूट, पिशव्या, हातमोजे, जॅकेटं, जे असेल ते, भाव विचारायचे नाहीत. आत नेलेले पत्रे बाहेर आले. वर्षभर बंद पडलेली दुकानं उघडली.

एक खरेदीदार एजेंकडे आला. नीटनेटका, मृदू बोलणारा. त्यांच्याकडे साठ जॅकेटं शिल्लक होती, ती सगळी त्याला हवी होती. एजेंनी सांगितलं की ती खेळण्यातली आहेत.

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "घरच्या बायका घेऊन देतात. त्यांच्या जिवाला बरं वाटतं. पुढचं कोण बघतो?"

एजेंनी त्याला बाहेर जायला सांगितलं. तो तीनदा आला, प्रत्येक वेळी भाव वाढवून. तिसऱ्यांदा गेल्यावर त्यांनी माझी गाडी मागितली आणि साठ जॅकेटांतले पत्रे वेल्डिंगवाल्याकडे नेऊन कापून घेतले. वेल्डिंगवाला म्हणाला, इतका पातळ पत्रा धुराड्यालाही चालायचा नाही. जॅकेटांच्या कापडाच्या मी मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या शिवल्या, त्यांतल्या काही अजून माझ्याकडे पडून आहेत. शेजारच्या दुकानदारानं त्या हिवाळ्यात घरावर मजला चढवला. तो एजेंना वेडी म्हणायचा, तोंडावर.

तालाय फेब्रुवारीत एकदा आला. दारात बराच वेळ उभा राहिला. मग आईसाठी नमद्याचे बूट आहेत का, विचारलं. एजेंनी माप विचारलं, जोड काढून दिला. त्यानं पैसे मोजून ठेवले. तो गेल्यावर त्या शिडीवर बसून राहिल्या आणि गिऱ्हाईक आलं तरी उठल्या नाहीत.

एप्रिलमध्ये त्यांनी कंटेनर सोडला आणि तोकमोकला मुलीकडे गेल्या. आता त्या कंटेनरमध्ये फोनची कव्हरं मिळतात. परवा त्यांचा फोन आला. तोकमोकच्या बाजारात एक गाळा रिकामा आहे, घेऊ का, विचारत होत्या.

"काय विकणार?" मी म्हटलं.

"बूट."

"फक्त बूट?"

"फक्त बूट, एसेन. घातल्याबरोबर माणसाला कळतं, चावतो की नाही ते."

मी म्हटलं, घ्या. टाचा ठोकायला मी येईन.