कोरं सातवं पान

कोर्टात त्यांना सगळे स्टेनोबाई म्हणत. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी दुकानात कुणी जुना वकील भेटला की हीच हाक येई, आणि बाईही पिशवी खाली ठेवून डिक्टेशन घ्यायला आल्यासारख्या ताठ उभ्या राहत. त्यांची ख्याती एकच: चूक नाही. साहेब निकाल सांगताना वाक्याचं डोकं एकीकडे आणि शेपूट भलतीकडे सोडून देत. बाई दोन्ही गाठून आणत आणि साहेबांना पत्ता लागू देत नसत. घरातही तोच खाक्या. भाजीत मीठ कमी पडलं, तर चूक मिठाची, असं मुलगा म्हणे.

सून लॉ कॉलेजात शिकवायची. विद्यार्थ्यांना जुने निकाल वाचायचे तर एक तर महागडी जाडजूड पुस्तकं, नाहीतर रेकॉर्ड रूममधली धूळ. म्हणून तिने रीतसर परवानगी काढून ते निकाल स्कॅन करून वेबसाइटवर टाकायचं काम अंगावर घेतलं होतं. कुणीही यावं, फुकट वाचावं. बाईंना त्याचं कोण कौतुक! पुसट कार्बन प्रती सून लॅपटॉपवर घरी आणे, आणि जिथे मशीन हात टेकी तिथे बाई सांगत, हा शब्द ‘प्रतिवादी’ आहे, आमच्या टाइपरायटरचा प जरा लंगडायचा. सासू-सुनेचं हे गूळपीठ बघून मुलगा बिचारा आपला चहा आपण करून घ्यायला शिकला.

एका रविवारी सकाळी सुनेने टेलिफोन ऑपरेटरचा निकाल उघडला. दरवर्षी शिकवला जाणारा. अकरा वर्षं चोख नोकरी केलेल्या एका ऑपरेटर बाईने एका दुपारी आगीचा फोन चुकीच्या केंद्राला जोडून दिला, आणि लक्षात आल्यावरही वरिष्ठांना सांगितलं नाही. लाकडाची वखार जळाली आणि तिची नोकरी गेली. सहाव्या पानावर हकिकत संपते. आठव्या पानावर तिला कामावर परत घ्या, असा हुकूम आहे. का, ते सातव्या पानावर. आणि सातवं पान कोरं. मूळ प्रत अपिलात वरच्या कोर्टात गेली ती परत आलीच नाही. त्यामुळे चाळीस वर्षं मास्तर लोक आपापल्या मगदुराप्रमाणे ते पान मनानेच भरत आले होते.

“कुणीतरी वेंधळ्या कारकुनाने कार्बन उलटा घातला असणार,” सून सहज म्हणाली. “एकाच्या गलथानपणापायी इतक्या मुलांचं नुकसान.”

बाई शेंगा सोलत होत्या. गॅस बघते म्हणून त्या आत गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं.

कार्बन त्यांनीच उलटा घातला होता. सातव्या पानाला काळी बाजू वर राहिली, आणि प्रतीवर यायचा मजकूर मूळ पानाच्या पाठीवर उलटा उमटला. सही करताना पानाची पाठ कोण बघतो? चार दिवसांनी दप्तर बांधताना कोरं पान त्यांच्या हाती आलं, तोवर मूळ प्रत निघून गेली होती. साहेबांना सांगितलं असतं तर डिक्टेशनच्या वहीवरून दहा मिनिटांत पान पुन्हा टाइप झालं असतं. पण त्याच आठवड्यात साहेब भर ऑफिसात म्हणाले होते, काम कसं करावं ते बाईंकडून शिका. झालं. उद्या सांगू, परवा सांगू करता करता साहेबांची बदली झाली, आणि पुढे साहेबच गेले. भरलेल्या वह्या फाडून टाकायचा नियम होता. ही एक बाईंनी फाडली नाही. चाळीस वर्षं ती कपाटात, लग्नातल्या साडीच्या घडीत होती.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. चोराच्या मनात चांदणं. पेन्शन कुणी काढून घेणार नव्हतं, ते त्यांना ठाऊक होतं. भीती होती ती सुनेच्या नजरेची. ‘आमच्या आईंना विचारते’ असं ती कॉलेजात मोठ्या तोऱ्यात सांगायची.

तिसऱ्या दिवशी सून घरी आली तेव्हा टेबलावर वही होती.

“तो वेंधळा कारकून मी,” बाई म्हणाल्या. “बस. मी सांगते, तू लिही. माझ्या शॉर्टहँडच्या रेघोट्या माझ्याशिवाय कुणाला लागायच्या नाहीत.”

पर्स खांद्यावरून न काढताच सुनेने लॅपटॉप उघडला.

बाई एकेका खुणेवर बोट ठेवत, तीच खूण हवेत काढत, आणि हाताला आठवलं की तोंडाने सांगत. एके ठिकाणी गाडी अडली. चारदा खूण काढून पाहिली, तरी शब्द लागेना. सुनेने दोन-तीन शब्द सुचवून पाहिले. बाईंनी मान हलवली. जागा सोड म्हणाल्या, अंदाजाने भरायचं नाही. पुढच्या ओळी मात्र सरळ आल्या.

“एका दुपारच्या चुकीने अकरा वर्षांचं काम पुसलं जात नाही. आणि चूक झाल्यावर ती सांगायचीच भीती वाटावी, असं कामाचं ठिकाण असेल, तर पहिला दोष त्या ठिकाणाच्या वरिष्ठांचा आहे.”

बाईंचं बोट तिथेच राहिलं.

“हे साहेब बोलले होते?”

“तुम्हीच लिहून घेतलंत ना, आई.”

“लिहून घेताना ऐकतं कोण गं? हात ऐकतो.” त्यांनी चष्मा काढला. “दाराच्या पलीकडेच बसायचे ते. पाच पावलं.”

सुनेने त्यांचा हात धरला आणि परवाच्या ‘वेंधळ्या’ शब्दाबद्दल माफी मागितली. शब्द बरोबरच होता, बाई म्हणाल्या. त्यांना रडू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी हलकंही वाटलं.

मग तळटीप. वहीवरून मजकूर घेतला एवढंच घालू, असं सुनेचं म्हणणं. बाईंना ते पटेना. त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत डिक्टेशन देऊ लागल्या. आणि सून खाली मान घालून लिहून घेऊ लागली.

“सातव्या पानाचा मजकूर लघुलेखिकेच्या वहीवरून. एक शब्द लागला नाही. कार्बन माझ्याकडून उलटा लागला होता.” त्या थांबल्या. “साहेबांना सांगायचं राहून गेलं.”

शेवटचं वाक्य तळटिपेत बसतं का, हे सुनेने विचारलं नाही. तिने ते ठेवलं.