श्रावणी सोमवारचे घावन

अंबरनाथ आणि उल्हासनगर कॅम्पातल्या माझ्या शिक्षिका मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज बदलापुरात माझ्या हाती आली, आणि लिहिण्यासारखं आजच घडलं.

तिसरीला दगडांचा पाठ होता. मातीत गोटे घट्ट बसून झालेला दगड म्हणून शेंगदाण्याची चिक्की नेली. आणि आपला इथला काळा, भोकाभोकांचा दगड म्हणून पहाटे उठून तांदळाच्या पिठाचे जाळीदार घावन काढले.

वर्गात गेल्यावर आठवलं, आज श्रावणी सोमवार! माझा स्वतःचा उपास, पण मुलांचेही असतील हे सुचलंच नाही. धन्य आहे माझी!

चिक्की उपासाला चालते. तो दगड नाव सांगायच्या आत पोटात गेला. घावन मात्र कोणाला खाता येईना, मग पोरं ते नुसते बघत बसली. भोकांतून उजेड पाहिला. कोणीतरी एक घावन शाळेच्या दगडी पायरीशेजारी धरला, तर पायरीलाही तशीच भोकं!

मी म्हटलं, "हा दगडसुद्धा एके काळी पिठासारखा पातळ होता, तापलेला होता. आतली वाफ निघाली, तिथं जाळी पडली."

चामटोलीच्या सुंदरीला गेल्याच आठवड्यात मी सगळ्यांदेखत 'ढ' म्हटलं होतं. ती समोरच्या काळ्या डोंगराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, मंग तवा केवढा व्हता?"

संध्याकाळी उपास सोडायला मुलांनी घावन घरी नेले. मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला येतं का? सुंदरीला द्यायचंय.