धुरपताबाईंची हरवलेली फुली

आंबेटोल्याच्या धुरपताबाई अडचणीच्या वेळी बेधडक खोटे बोलतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्यांच्या नाकातली फुली हरवली तेव्हा सगळा गाव ती शोधायला निघाला.

आंबेटोला म्हणजे जिवतीच्या डोंगरातली थोडी घरे आणि चहूबाजूंनी जंगल. गावाबाहेर आमच्या वनविभागाची कुटी आहे. पायी गस्त घालणारे वनरक्षक तिथे मुक्काम करतात आणि त्यांना गरम भाकर मिळते ती धुरपताबाईंच्या हातची. भाकरीबरोबर टोमणाही मिळतो. एकदा पाहणीला आलेल्या साहेबांनी भाजीत मीठ कमी असल्याचे सांगितले. बाई म्हणाल्या, "मीठ सरकारचं हाये ना साहेब, म्हून जपून टाकलं."

मी या विभागाच्या कार्यालयात लेखापाल आहे. भांडाराच्या चाव्याही माझ्याकडे असतात, म्हणूनच या भानगडीत माझा पाय अडकला.

वनरक्षकाला इकडे अजून नाकेदार म्हणतात. आंबेटोल्याची नाकेदार म्हणजे दिव्या, राजुऱ्याहून आलेली मुलगी. मोहफुले पहाटे गळतात. ती वेचायला बाया वाकल्या की वाघाला माणूस उमगत नाही, जनावर वाटते. म्हणून दिव्या रोज पहाटे हातात काठी घेऊन त्यांच्या पाठीशी उभी राहायची. आधीच्या एकाही नाकेदाराला हे सुचले नव्हते.

पण त्याच मोहाने तिला अडचणीत आणले. फुले पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात. काळ्या जमिनीवर फुले पटकन दिसतात, पण कधी आग हातची सुटते आणि जंगलात शिरते. फुली हरवली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एक डोंगर असाच जळाला. ओल्या फांद्यांनी आग झोडपताना दिव्याच्या भुवया जळाल्या. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वणवा लागला तर तिला तपासणी नाक्यावर बसवू, असे साहेबांनी बजावले होते.

दिव्याने गावात सभा घेतली. लोकांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर गावातले लटारूभाऊ बिडी पेटवत म्हणाले, "झाड माह्या बापाचं, पाला झाडाचा, काडी माही. मंग नाकेदारीन बाईले काऊन त्रास?"

धुरपताबाईंनी हे ऐकले आणि एकही टोमणा न मारता घरची वाट धरली. तिथेच सगळ्यांनी सावध व्हायला हवे होते.

पहिली फुले गळायला लागली त्या दिवशी बाई रिकामे नाक घेऊन हातपंपावर आल्या आणि डोळ्याला पदर लावून बसल्या. त्यांची सोन्याची फुली मोहाच्या झाडांखाली कुठेतरी पडली होती.

"कोणत्या झाडाखाली?" लटारूभाऊंनी विचारले.

"शेऱ्या चारत साऱ्याच झाडांखालून फिरली ना भाऊ मी. तुमच्याबी फिरली. ज्याले सापडन त्याले माहा लाल कोंबडा. पण जाळू नोका बाप्पा. सोनं वितळून मातीत गेलं तं कोणाले दिसन?"

त्या लाल कोंबड्यावर लटारूभाऊंचा फार दिवसांपासून डोळा होता. दुसऱ्या दिवशी काड्यापेट्या घरीच राहिल्या आणि खराटे बाहेर निघाले. पाला चाळला जाऊ लागला. लटारूभाऊंनी तर बायकोची तांदळाची चाळणी पळवली.

हे पाहून दिव्याचे मन भरून आले. बाईंनी तिला घरच्यासारखे जेवू घातले होते. शिकाऱ्यांनी पुरलेले तारेचे फासे शोधायला आमच्याकडे एक यंत्र आहे, जमिनीत धातू असला की ते किंचाळते. दिव्या ते मागायला आली. यंत्र माझ्या ताब्यातले असल्यामुळे मीही सोबत गेलो.

यंत्र पाहून बाईंचा चेहरा उतरला. "हे काय वं आणलं, पोरी?"

"बाई, याने तुमची फुली दुपारपर्यंत सापडून जाईल."

"दुपारपर्यंत?" बाई म्हणाल्या. "आधी च्या घ्या."

चहा फार गोड होता आणि बराच वेळ चालला. मधे बाई पाणी आणायला म्हणून मागच्या दाराने गेल्या, त्या चांगल्या धापा टाकत परत आल्या, आणि पाणी आणायचे विसरल्या होत्या.

पहिल्याच मोहाखाली यंत्र किंचाळले. निघाले बाटलीचे पत्र्याचे बूच. पुढच्या झाडाखाली छत्रीची काडी, मग सायकलच्या साखळीचा तुकडा. प्रत्येक झाडाखाली काहीतरी होतेच.

"इथी कोणाचं भंगाराचं दुकान होतं का?" लटारूभाऊंनी विचारले.

एवढ्यात दिव्याच्या हाती पळीचा मोडका दांडा लागला. कुटीतली पळी. त्याच पळीने ती रोज वरण वाढून घेत असे. तिने दांडा निरखला, मग बाईंकडे पाहिले. बाई झाडाचा शेंडा न्याहाळत होत्या.

दिव्याने यंत्र बंद केले. "सेल उतरले. आता हातानेच शोधावं लागेल, एकेक पान उचलून. काय हो लेखापाल साहेब?"

नवे सेल मी त्याच सकाळी घातले होते. "जुनं यंत्र आहे," मी म्हणालो.

मोसम संपेपर्यंत खराटे चालले. मोहफुले राखेशिवाय पांढरीस्वच्छ निघाली, डोंगर हिरवा राहिला. साहेब येऊन पाहून गेले, आणि दिव्या जिथे होती तिथेच राहिली.

साहेबांची गाडी वळणाआड गेली आणि बाईंच्या नाकात फुली चमकली.

"कुठी सापडली?" लटारूभाऊंनी विचारले.

"तांदळाच्या डब्यात. म्हातारपण हाये भाऊ, ध्यानात राहत नाई."

"मंग कोंबडा?"

"ज्याले सापडली त्याचा. मलेच सापडली."

तरीही कोंबडा शिजला, आणि पहिली वाटी बाईंनी लटारूभाऊंनाच वाढली. ते जेवले, पण रागावूनच जेवले.

यंदा मोह गळायला लागला तेव्हा बाई पुन्हा हातपंपाकडे निघाल्या. लटारूभाऊंनी वाटेत अडवले.

"तू राहू दे. तुह्यावर आता कोणी भरोसा नाई ठेवत."

मग ते स्वतःच चावडीवर गेले आणि जोरात सांगू लागले की सासऱ्याने दिलेले घड्याळ मोहाखाली पडले आहे, कोणी जाळू नका. मनगटावर घड्याळ काढल्याचा पांढरा पट्टा उठून दिसत होता आणि शर्टाच्या खिशातून टिकटिक येत होती. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि खराटे आणायला गेले.

दिव्याने फोनवर मला यंत्र पाठवायला सांगितले, सेल काढून.